आमच्याकडील बोकड कोठे वाढतो आणि किती मटण देतो

आमच्याकडे मिळणारे मटण धाराशिव जिल्ह्यातील तुळजापूर व भूम या तालुक्यांतील शेतकऱ्यांनी वाढवलेल्या उस्मानाबादी बोकडांचे असते. राज्यात गायीप्रमाणेच २०१५ पासून बैल आणि वळू यांच्या कत्तलीलाही बंदी असल्याने गोवंशाच्या मांसाविषयीच्या चौकशीला आमचे उत्तर नकाराचेच असते.

उस्मानाबादी शेळी बहुधा काळी असते, कोरड्या हवेत आणि हलक्या चाऱ्यावर तग धरते, आणि जुळी करडे होणे तिच्यात नवलाचे नाही. आमचे शेतकरी शेळ्या अर्धबंदिस्त पद्धतीने सांभाळतात; म्हणजे दिवसा काही तास माळावर व बांधावर चराई होते आणि संध्याकाळी गोठ्यात तुरीचे किंवा हरभऱ्याचे भुसकट, शेवरी-सुबाभळीचा पाला आणि थोडा भरडा दिला जातो. असा बोकड भरपूर खुराकावर बांधून ठेवलेल्या बोकडापेक्षा सावकाश भरतो, आणि आमचा भाव थोडा चढा असण्याचे मुख्य कारण हेच आहे.

पहिल्या पावसानंतरचा कोवळा चारा अधाशीपणे खाल्ल्यास आंत्रविषार होऊन सकाळी धडधाकट दिसलेले करडू संध्याकाळपर्यंत दगावू शकते. म्हणून ज्या कळपाला पावसाळ्यापूर्वी या रोगाची लस टोचलेली नाही, त्यातून आम्ही खरेदी करत नाही. औषधोपचार झालेला बोकडही वेष्टनावर सांगितलेली मुदत संपल्याशिवाय घेतला जात नाही.

सर्वाधिक गैरसमज वजनाबाबत होतात. कंदुरीसाठी किंवा घरच्या कार्यासाठी अख्खा बोकड सांगणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे, की ३० किलो जिवंत वजनाच्या बोकडातून मटण साधारण १३ ते १४ किलोच निघते. उरलेले वजन कातडे, मुंडी, पाय, रक्त आणि पोटातील भागांचे असते. मुंडी, पाय व वजरी हवी असल्यास ती स्वच्छ करून वेगळी दिली जाते. बाजारात बोकडाचा सौदा अजूनही पुष्कळदा नजरेच्या अंदाजाने ठरतो. आम्ही मात्र ग्राहकासमोर काट्यावर वजन करतो, आणि तेही सकाळी चारा-पाणी देण्यापूर्वी, कारण पोट भरलेल्या बोकडाचे वजन फुगलेले असते.

आखाडात मागणी एकदम वाढते आणि त्या दिवसांत अपुऱ्या वाढीचे बोकड विकण्याचा मोह सगळ्यांनाच होतो. आम्ही तसे बोकड घेत नसल्याने त्या महिन्यातील अख्ख्या बोकडाची मागणी किमान आठ दिवस आधी नोंदवावी.