पार्श्वभूमी : प्रचंड प्रवाह आणि तापणारे तांबे

कोयना जलविद्युत प्रकल्पाच्या चौथ्या टप्प्याची क्षमता १,००० मेगावॉट. एवढी वीज ४०० केव्हीवर (केव्ही म्हणजे हजार व्होल्टचा दाब; दाब कमी, तेवढा प्रवाह जास्त) नेली, तर तीन फेजांपैकी दर फेजला एकूण साधारण १,४५० अँपिअर वाहतात. तीच गावातल्या फीडरच्या ११ केव्हीवर नेऊ म्हटले, तर ५२,००० अँपिअरच्या वर! प्रवाह ३६ पट वाढतो, पण त्याच तारेतली हानी, म्हणजे तार तापून वाया जाणारी वीज, १,३०० पटींहून जास्त. सह्याद्री चढून कराडला येणारे उंच मनोरे या हिशेबातून उभे राहिलेत.

हिशेब जुनाच आहे. मँचेस्टरच्या जेम्स ज्यूलने तार पाण्यात बुडवून तापमान मोजले आणि १८४१ साली नियम छापला : उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या आणि रोधाच्या (तार प्रवाहाला करते त्या अडथळ्याच्या) प्रमाणात वाढते. व्यवहाराला तो चाळीस वर्षांनी नडला. १८८२ मध्ये एडिसनने न्यूयॉर्कला ११० व्होल्टवर वीज विकायला काढली, ती मैलभराच्या टापूतच परवडायची. १८९१ मध्ये जर्मनीत लाउफेनहून फ्रँकफुर्टपर्यंत, १७५ किलोमीटर, १५ हजार व्होल्टच्या वर दाब चढवून वीज नेली आणि सुमारे ७५ टक्के पोचलीही. वीज कमी दाबाने न्यायची की जास्त, या वादाचा निकाल तिथेच लागला, असे मला वाटते.

साताऱ्याजवळच्या वनकुसवडे-चाळकेवाडीच्या पठारावरही तेच. पवनचक्कीतून ६९० व्होल्टला निघालेली वीज ट्रान्सफॉर्मरमधून ३३ केव्हीवर जाते आणि मगच पठार उतरते.

फौंड्रीत मात्र ही पळवाट नाही. सांगली-मिरज-कुपवाडच्या एमआयडीसीत लोखंड वितळवणाऱ्या इंडक्शन भट्टीला मोठा प्रवाहच हवा असतो; त्याच्याच चुंबकीय क्षेत्राने भट्टीतला माल तापतो. भट्टीभोवतीच्या कॉइलमध्ये, म्हणजे तांब्याच्या वेटोळ्यात, हजारो अँपिअर फिरतात. त्यात आणखी एक अडचण : एसी, म्हणजे दिशा सतत बदलणारा प्रवाह, तांब्याच्या कातडीलगत वाहतो. हे गणित १८८० च्या दशकात लँब आणि हेविसाइड यांनी मांडले. ५० हर्ट्झला ही कातडी नऊ मिलिमीटरच्या आसपास, ५०० हर्ट्झला जेमतेम तीन. आतले तांबे फुकट जाते, म्हणून कॉइल पोकळ नळीची करतात आणि त्या पोकळीतून पाणी खेळवतात. भट्टीला दिलेल्या विजेचा साधारण पाचवा हिस्सा या पाण्यातूनच कूलिंग टॉवरवर जातो. वीजबिल पाहणाऱ्या मालकाला हे सांगून पाहा!

मग रोधच नसलेली तार का नको? १९११ मध्ये डच शास्त्रज्ञ कामरलिंग ओनेसला अतिथंड पाऱ्यात रोध नाहीसा झालेला दिसला, पण एसीमध्ये अशा अतिवाहकातही थोडी हानी होतेच आणि उणे तापमान राखायचा खर्च वेगळा.

जोडांकडे तर पुष्कळांचे लक्षच नसते. ५,००० अँपिअरच्या बसबारवर (मोठा प्रवाह नेणाऱ्या जाड धातूच्या पट्टीवर) एका जोडाचा रोध दहा मायक्रोओहम (ओहमचे दहा लक्षांश) असला, तर तिथे २५० वॉट जळतात. बोल्ट सैल होऊन रोध दुप्पट झाला की ५०० वॉट. तापलेल्या तांब्याचा रोध अंशामागे सुमारे ०.४ टक्के वाढतो, म्हणजे जोड आणखी तापणार. त्यामुळे भट्टी चालू असताना थर्मल कॅमेरा फिरवून गरम जोड हेरून ठेवतात आणि शटडाउनला आधी तेच बोल्ट आवळतात.