कपाटातली वही प्रकाशकाकडे पाठवताना
(अक्षरजुळणी आणि मुद्रितशोधनासाठी येणाऱ्या लेखक ग्राहकांसाठी)

मागे एक निवृत्त शिक्षिका आमच्याकडे आल्या. कापडी पिशवीत तीन फुलस्केप वह्या, त्यांना लावलेलं रबर वितळून कव्हराला चिकटलेलं. कादंबरी लिहून सहा वर्षं झाली होती. "शेवटचं प्रकरण एकदा नीट करते, मग पाठवते," हे त्यांचं दर दिवाळीचं ठरलेलं. आम्ही वाचलं, तर शेवटचं प्रकरण उत्तम होतं. घोडं अडलं होतं ते प्रकाशकाला लिहायच्या पत्रापाशी.

म्हणून आम्ही सगळ्यांना सांगतो, आधी पत्र लिहा. एकच पान. पुस्तक कशाबद्दल आहे, कथा की कादंबरी की आणखी काही, शब्द किती, तुम्ही कोण. स्वतःची स्तुती नको आणि "चुकलं असल्यास माफ करा" हेही नको. शब्दसंख्या मात्र नक्की द्या, कारण प्रकाशक खर्चाचा हिशोब फॉर्म्यात, म्हणजे छपाईच्या एका मोठ्या कागदावर बसणाऱ्या पानांच्या गठ्ठ्यात करतो. डेमी या पुस्तकांच्या नेहमीच्या आकारात फॉर्मा सोळा पानांचा धरतात. चाळीस हजार शब्दांची साधारण दीडशे पानं, म्हणजे नऊ-दहा फॉर्मे.

प्रकाशक कोणता, या प्रश्नावरही महिने जातात. एक दुपार काढून सावानात जा. 1840 पासूनचं आपलं नाशिकचं सार्वजनिक वाचनालय आहे ते. तुमच्या पुस्तकासारखी पुस्तकं ज्या कपाटात आहेत तिथं उभे राहा आणि आतल्या पानावरची छोट्या प्रकाशकांची नावं-पत्ते टिपून घ्या. पाच पुरेत. मग फोन करा. कुणी सारांश आणि दोन प्रकरणं मागतं, कुणी अख्खं हस्तलिखित. मूळ वही कुणालाही देऊ नका.

"कुणी चोरलं तर?" ही भीती आम्ही रोज ऐकतो. 1957 च्या कॉपीराइट कायद्यानुसार लिहून झाल्यापासूनच हक्क तुमचा असतो, नोंदणी सक्तीची नाही. खरी काळजी घ्यायची ती करार करताना. हक्क किती काळासाठी दिले हे लिहिलं नसेल, तर कायदा पाच वर्षं धरतो. मुदत, मानधन आणि प्रतींची संख्या वाचल्याशिवाय सही करू नका. छपाईचे पैसे तुमच्याकडेच मागितले, तर त्या पैशांत काय काय मिळणार ते लेखी घ्या.

उत्तराला महिने लागतात. तीन महिन्यांनी एक फोन करायला हरकत नाही. तोवर पुढचं लिहायला घ्या.

आम्ही फाइल युनिकोडमध्ये आणि पीडीएफ अशा दोन्ही रूपांत देतो; जुन्या फॉन्टमधला मजकूर दुसऱ्याच्या संगणकावर अनेकदा अगम्य दिसतो. फाइल न्यायला याल तेव्हा पत्राचा कच्चा खर्डा आणि एका प्रकाशकाचा पत्ता सोबत आणा. पत्र आम्ही तिथल्या तिथे टाइप करून देऊ, त्याचे वेगळे पैसे नाहीत. शिक्षिकाबाईंचं पाकीट आमच्याच टेबलावर चिकटवलं, आणि इथून त्या थेट पोस्टात गेल्या.