सीडीएमएची पार्श्वभूमी : प्राध्यापक आयर्विन जेकब्स यांची वाटचाल

एकाच तरंगपट्ट्यावर अनेकांना एकाच वेळी बोलू देणारं सीडीएमए हे मोबाइलचं तंत्र क्वालकॉम या कंपनीने व्यवहारात आणलं. तिचे एक संस्थापक आयर्विन जेकब्स अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात दाखल झाले ते हॉटेल व्यवस्थापन शिकायला. विज्ञान-अभियांत्रिकीत पुढे काही भवितव्य नाही, असं त्यांना शाळेतल्या मार्गदर्शकाने सांगितलं होतं. कॉलेजात मात्र त्यांनी शाखा बदलली आणि १९५६ मध्ये इलेक्ट्रिकल इंजिनिअरिंगची पदवी घेतली. १९५९ मध्ये एमआयटी या अमेरिकी तंत्रसंस्थेतून डॉक्टरेट मिळवून ते तिथेच शिकवू लागले.

तो काळ संदेशवहनशास्त्राच्या दृष्टीने फार मोलाचा. गोंगाट असलेल्या वाहिनीतूनही (तार किंवा रेडिओलहरी अशा संदेशाच्या मार्गातूनही) एका ठरावीक वेगापर्यंत संदेश जवळपास बिनचूक पाठवता येतो, हे गणितज्ञ क्लॉड शॅनन यांनी १९४८ मध्ये सिद्ध केलं होतं आणि आता ते स्वतः एमआयटीत होते. हे गणित प्रत्यक्ष यंत्रात कसं उतरवायचं, हा प्रश्न उरला होता. जेकब्स यांनी जॉन वोझनक्राफ्ट यांच्यासह १९६५ मध्ये लिहिलेलं पाठ्यपुस्तक नेमकं याच दिशेचं होतं. माझ्या मते त्यांच्या पुढच्या उद्योगांचं बीज या पुस्तकात आहे.

१९६६ मध्ये ते सॅन डिएगोच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात गेले. कंपन्यांकडून सल्ल्यासाठी विचारणा वाढली, तेव्हा अँड्र्यू व्हिटर्बी आणि लेनर्ड क्लाइनरॉक या दोन प्राध्यापकांबरोबर त्यांनी १९६८ मध्ये लिंकाबिट ही कंपनी काढली. सुरुवातीला हा जोडधंदाच होता. पण कामाचा व्याप वाढत गेला आणि १९७२ मध्ये त्यांनी प्राध्यापकी सोडली. १९८० मध्ये लिंकाबिट विकली गेली. जुलै १९८५ मध्ये व्हिटर्बींसह सात जणांनी क्वालकॉम स्थापन केली.

त्या वेळी मोबाइलचे ग्राहक वाढत होते, तरंगपट्टा (फोनसाठी उपलब्ध रेडिओलहरींचा पट्टा) मात्र तेवढाच. अमेरिकेतल्या उद्योगाचा कल टीडीएमए या दुसऱ्या तंत्राकडे होता. त्यात एका वाहिनीवरचे फोन आळीपाळीने, ठरलेल्या क्षणी बोलतात. सीडीएमएमध्ये सगळे एकाच वेळी, एकाच पट्ट्यावर बोलतात. प्रत्येकाच्या संकेतावर वेगळा कोड चढवलेला असतो आणि टॉवर त्या कोडवरून ज्याचा आवाज त्याला वेगळा काढतो. लष्करी संदेशवहनात ही कल्पना जुनीच. रस्त्यावरच्या फोनसाठी ती जमणार नाही, असं जाणकार म्हणत, आणि त्यांची शंका अगदी रास्त होती. टॉवरच्या पायथ्याशी असलेला फोन काही किलोमीटर दूरच्या फोनचा क्षीण संकेत पार बुडवून टाकेल, त्याचं काय?

क्वालकॉमचं उत्तर होतं शक्तिनियंत्रण. टॉवर प्रत्येक फोनला सेकंदाला ८०० वेळा सांगतो : शक्ती वाढव किंवा कमी कर. त्यामुळे जवळचा असो की दूरचा, प्रत्येकाचा संकेत टॉवरपाशी साधारण सारख्याच ताकदीने पोचतो. गाडी इमारतीआड गेली की काही मिलिसेकंदांत फोन जोर लावतो, बाहेर आली की आवरतो. सीडीएमए व्यवहारात आली ती या सततच्या हुकमांमुळे, असं मला वाटतं. कोडचं श्रेय त्यानंतरचं.

१९८९ च्या जानेवारीत अमेरिकी उद्योगाने टीडीएमएची निवड केली होती, तरी क्वालकॉमने त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये सॅन डिएगोत पाहुण्यांना बोलावून प्रात्यक्षिक ठेवलं. जेकब्स यांचं भाषण संपत आलं आणि जीपीएसच्या संकेतात बिघाड झाल्याचं सहकाऱ्यांनी खुणेने कळवलं. टॉवरांच्या घड्याळांचा मेळ जीपीएसवर अवलंबून, त्यामुळे पुढचं सगळं अडलेलं. दुरुस्ती होईपर्यंत जेकब्स बोलत राहिले. इतकी वर्षं वर्ग घेतलेल्या माणसालाच हे साधावं! त्यानंतर प्रात्यक्षिक यशस्वी झालं.

या प्रयोगांना पैसा पुरवला तो ट्रकचा माग ठेवणाऱ्या ऑम्निट्रॅक्स या उपग्रहसेवेने. ती १९८८ मध्ये सुरू झाली होती. १९९३ मध्ये सीडीएमएला आयएस-९५ हे अधिकृत मानक मिळालं, १९९५ मध्ये हाँगकाँगात पहिली व्यावसायिक सेवा सुरू झाली, पाठोपाठ दक्षिण कोरियात. भारतात रिलायन्स आणि टाटांच्या ज्या सेवांनी स्वस्त मोबाइल घरोघरी नेला, त्याही याच तंत्राच्या होत्या.

सुरुवातीला बाजारात फोनच नव्हते, म्हणून क्वालकॉमने फोन आणि टॉवरची यंत्रणा दोन्ही स्वतः बनवली. जम बसल्यावर यंत्रणेचा विभाग एरिक्सनला आणि हँडसेटचा क्योसेराला विकून कंपनीने चिप आणि पेटंटच्या रॉयल्टीवर भर दिला. या रॉयल्टीवरून पुढे अनेक देशांत मोठे वाद आणि खटले झाले. थ्रीजीच्या प्रमुख मानकांचा पाया मात्र सीडीएमएच राहिला. जेकब्स यांनी २००५ मध्ये मुख्याधिकारीपद मुलाकडे, पॉल जेकब्स यांच्याकडे सोपवलं.