हेडर बसवला आणि टिकटिक सुरू झाली

जुन्या मारुती एस्टीमला बाहेरून आणलेला हेडर, म्हणजे प्रत्येक सिलिंडरचा एक्झॉस्ट वेगळ्या नळीतून नेणारा नळ्यांचा जोड, बसवायची हौस अजून पुष्कळांना आहे. मग काही आठवड्यांनी एका सकाळी गाडी सुरू केली की बॉनेटखालून टिक-टिक ऐकू येते. 'टॅपेट वाजतायत' असं निदान लगेच होतं; टॅपेट म्हणजे व्हॉल्व्ह उघडणारे भाग. हे निदान बऱ्याचदा चुकतं. आवाज असतो हेडरच्या जोडातून निसटणाऱ्या वायूचा, म्हणजे लिकेजचा, पण दोन्ही आवाजांची लय एकच असते. फोर-स्ट्रोक इंजिनात क्रँक दोनदा फिरतो तेव्हा एका सिलिंडरचा एक्झॉस्ट एकदाच बाहेर पडतो आणि त्याचा व्हॉल्व्हही एकदाच उघडतो. आयडलिंगला इंजिन 800 आरपीएमवर असेल, तर एका सिलिंडरचा लिकेज असो की एक सैल टॅपेट, ठोके मिनिटाला 400च पडणार. फरक कळतो तो वेगळ्याच गोष्टीवरून. अ‍ॅक्सिलरेटर दाबला की लिकेज जोरात फटफटतो, आणि इंजिन तापलं की बहुतेक वेळा मऊ पडतो.

तापल्यावर तो मऊ का पडतो, हे समजलं की दुरुस्तीचं निम्मं काम झालं. एस्टीमचं 1.3 लिटर इंजिन घ्या. त्याचं हेड, म्हणजे सिलिंडरांवरचा भाग, अ‍ॅल्युमिनियमचं आहे आणि कूलंट ते शंभर अंशांच्या आसपास धरून ठेवतं. हेडरच्या फ्लँजला, म्हणजे तो हेडवर बोल्टने बसतो त्या पट्टीला, असा आधार नाही. ती 350 अंशांवर गेली असं धरू. 35 सेंमी लांबीची पोलादी फ्लँज 30 अंशांवरून तिथवर पोचेपर्यंत सुमारे 1.3 मिमी वाढते. तेवढ्याच लांबीचं हेड वाढतं जेमतेम अर्धा मिमी. म्हणजे तापण्या-थंड होण्याच्या प्रत्येक फेरीत फ्लँज मधल्या पॅकिंगवर (गॅस्केटवर) घासत पसरते आणि थंड होताना घासतच परत येते. गरम असताना फट बुजते, रात्री पुन्हा उघडते. कंपनीच्या ओतीव मॅनिफोल्डमध्ये टोकांकडची भोकं बऱ्याचदा लांबट ठेवतात, ती याच सरकण्यासाठी. स्वस्त हेडरची भोकं गोल आणि घट्ट असतात.

त्यात वेल्डिंगची भर. वेल्डचा रस थंड होताना आकसतो आणि पातळ फ्लँजला धनुष्यासारखा बाक देतो. केसाएवढी फटही वायूला पुरते. इथे बोल्ट आणखी आवळणं ही मला सगळ्यांत मोठी चूक वाटते. बाक तसाच राहतो आणि अ‍ॅल्युमिनियममधले आटे मात्र निघून येतात. सिलिकॉन लावूनही भागत नाही. गरमीसाठीचं म्हणून मिळणारं सिलिकॉनसुद्धा साडेतीनशे अंशांच्या आसपास हार मानतं, आणि पोर्टमधून, म्हणजे हेडमधल्या एक्झॉस्टच्या तोंडातून, येणारा वायू त्याच्या दुप्पट तापलेला असू शकतो.

आवाज तरी सहन होईल, पण लिकेज बाहेर फेकतो तसा आतही ओढतो. हेडरचा फायदाच मुळी यात आहे, की एका सिलिंडरचा ठोका नळीतून पुढे गेला की त्याच्यामागे दाब वातावरणाखाली जातो आणि उरलेला वायू ओढला जातो. फट असेल तर त्याच क्षणी बाहेरची हवा आत शिरते. या हवेत 21 टक्के ऑक्सिजन असतो. एमपीएफआय (इलेक्ट्रॉनिक फ्युएल इंजेक्शनच्या) गाडीतला ऑक्सिजन सेन्सर फसतो, पेट्रोल कमी पडतंय असं समजून ईसीयू, म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर, ते वाढवतो, आणि अ‍ॅव्हरेज खाली येतं. पाय सोडल्यावर सायलेन्सरमध्ये होणारे फटाकेही बऱ्याचदा याच हवेचे. बाहेर निसटणारा कार्बन मोनॉक्साइड तर हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी घट्ट चिकटतो, आणि त्याला वास नसतो. बंद शटरच्या आत इंजिन चालू ठेवून लिकेज शोधायला कृपया बसू नका.

शोधायचं ते इंजिन बंद आणि थंड असताना. व्हॅक्यूम क्लीनरची फुंकर मारणारी बाजू सायलेन्सरच्या तोंडाला लावा आणि जोडावर साबणाचं पाणी सोडा. पंक्चरवाला ट्यूब पाण्यात बुडवून बुडबुडे बघतो, तसंच. पॅकिंगजवळ काजळीचा काळा ओघळ दिसला, तर तीही खूणच.

मग हेडर उतरवा. जुनं पॅकिंग खरवडताना हेडवर ओरखडा पडू देऊ नका. फ्लँजवर पोलादी पट्टी आडवी ठेवून फिलर गेज (फट मोजायची पातळ पट्टी) खाली सरकतो का ते पाहा. सरकला तर फ्लँज वर्कशॉपमध्ये नेऊन फेस मारून सपाट करून घ्या. काही जाणकार दोन पोर्टमधला फ्लँजचा भाग कापून मोकळा करतात, म्हणजे प्रत्येक तुकडा आपापला पसरतो. पॅकिंग नवंच घाला. बोल्ट मधून टोकांकडे, दोन-तीन टप्प्यांत, टॉर्क पान्याने आवळा.

गाडी पूर्ण तापू द्या, रात्रभर थंड होऊ द्या, आणि सकाळी सुरू करण्याआधी त्याच क्रमाने पुन्हा पाना लावा. पॅकिंग दबल्याने एखादा बोल्ट थोडा फिरेल. त्यानंतर चावी फिरवा आणि थंड इंजिनाजवळ कान द्या.