ऋण सोडताना मेंदूत काय होतं?

रविवारी गुरुवार पेठेतल्या पवित्र नाम देवालयात, म्हणजे पुणेकरांच्या पंचहौद चर्चमध्ये, सगळी मंडळी एका सुरात म्हणते: ‘जसे आम्ही आपल्या ऋण्यांस ऋण सोडले आहे तशी तू आमची ऋणे आम्हांस सोड.’ परवा हे म्हणताना माझं लक्ष पुढच्या बाकांकडे गेलं. दोघे सख्खे भाऊ, एक डावीकडे, एक उजवीकडे. वडिलांच्या फ्लॅटवरून तीन वर्षं अबोला. आवाज मात्र दोघांचाही खणखणीत.

प्रार्थनेत अपराधासाठी वापरलेला ‘ऋण’ हा शब्द मला नेमका वाटतो. मानसशास्त्रज्ञही असाच हिशेब मांडतात: झालेला अन्याय आणि मिळालेली भरपाई यांतली तफावत जितकी मोठी, तितकं माफ करणं जड. एव्हरेट वर्दिंग्टन हे अमेरिकी अभ्यासक आणखी एक फरक करतात. ‘मी उट्टं काढणार नाही’ हा निर्णय क्षणात होऊ शकतो. चीड मात्र तिच्या गतीने विरते. वर्दिंग्टन स्वतः ख्रिस्ती. क्षमेवर त्यांचं काम चालू असतानाच, 1996 उजाडायच्या सुमारास, घरफोडीत त्यांच्या आईचा खून झाला.

चीड अंगात दिसतेही. 2001 साली शार्लट विटव्लिएट आणि सहकाऱ्यांनी 71 विद्यार्थ्यांना आपल्याला दुखावणारा माणूस आठवायला लावला, कधी जखम उगाळत, कधी माफ करत. उगाळताना रक्तदाब आणि हृदयाचे ठोके जास्त वाढले, आठ्या घालणारा स्नायू ताणला गेला. माणूस तोच, प्रसंगही तोच.

‘तुम्ही संतापात असताना सूर्य मावळू नये,’ असं बायबलमधल्या पत्रात प्रेषित पौलाने इफिस शहरातल्या ख्रिस्ती मंडळीला लिहिलं. आमची आजी हे भांडी घासता घासता सुनवायची. 2016 मधल्या एका प्रयोगात दिसलं, की नकोशी आठवण ताजी असताना मनाबाहेर ठेवणं जमतं, पण रात्रभर झोप झाल्यावर ते अवघड होतं. तोवर ती हिप्पोकॅम्पसपुरती, म्हणजे नव्या आठवणी घडवणाऱ्या मेंदूच्या भागापुरती, न राहता मेंदूच्या बाह्यस्तरात पसरलेली असते. अर्थात प्रयोगात त्रासदायक चित्रं होती, सासूचे टोमणे नव्हते. रात्री दोनला पेंगत भांडण मिटवण्यापेक्षा झोपलेलं बरं, हे माझं घरगुती मत.

नॅथनिएल लॅम्बर्ट, फ्रँक फिंचम आणि सहकाऱ्यांनी 2010 साली प्रार्थनाच तपासली. चार आठवडे रोज मित्रासाठी प्रार्थना करणाऱ्यांची त्याला माफ करण्याची तयारी वाढली. मित्राच्या भल्याची निःस्वार्थ काळजी वाढल्यामुळे हे घडलं, असं त्यांच्या विश्लेषणात दिसलं. देव ऐकतो का, हे प्रयोगशाळेत मोजता येत नाही. मोजला गेला तो प्रार्थना करणारा.

आणि ‘साताच्या सत्तर वेळा’ माफ कर, हे येशूचं वचन मार खाणाऱ्या बाईला ऐकवणाऱ्यांनी मानसशास्त्रज्ञ जेम्स मॅकनल्टी यांचा 2011 चा अभ्यास वाचावा. त्यांनी 72 नवविवाहित जोडप्यांचा चार वर्षं मागोवा घेतला. सहज माफ करणाऱ्यांच्या जोडीदारांची शिवीगाळ, मारहाण तशीच चालू राहिली. कमी माफ करणाऱ्यांच्या वाट्याला येणारी घटत गेली. ऋण सोडलं म्हणून पुन्हा उधार द्यायलाच हवं, असं कुठल्याही शास्त्रात नाही.

उपासना संपली. थोरल्याने धाकट्याच्या मुलीच्या डोक्यावर हात ठेवला, खिशातलं चॉकलेट दिलं आणि भावाकडे न बघता फाटकाबाहेर गेला. वर्दिंग्टनच्या भाषेत, निर्णय झाला असावा. चिडीचं काही सांगता येत नाही.