‘आधी तुला काय वाटलं होतं?’ : तीन वर्षांच्या मुलाचे मन आणि आपले

ठाण्यात घोडबंदर रस्त्यालगतच्या आमच्या वसाहतीत संध्याकाळी बागेत लहान मुलांचे आईवडील जमले, की एक तक्रार हमखास कानावर येते: मूल तीन वर्षांचे झाले आणि धडधडीत खोटे बोलू लागले. बेल वाजताच ‘बाबा आले’ म्हणत दाराकडे धावलेले मूल, दारात शेजारच्या काकू दिसल्यावर ‘मला वाटलंच होतं, काकू आल्या’ असे सांगते आणि घरातले त्याला रागावतात. या वयातील अशा उत्तरांना खोटे म्हणणे चूक आहे, असे माझे ठाम मत आहे. त्यांच्यामागे जे घडत असते ते खोटे बोलण्यापेक्षा कितीतरी अद्भुत आहे आणि स्वतःचे मन माणसाला कसे कळते, या प्रश्नाशी त्याचा थेट संबंध आहे.

हे घरी तपासता येते. श्रीखंडाचा रिकामा डबा बहुतेक मराठी घरांच्या फ्रिजमध्ये दुसऱ्याच कामाला लागलेला असतो. माझी मुलगी नुकतीच तीन वर्षांची झाली होती, तेव्हा तसा एक डबा मी तिच्यापुढे ठेवला आणि आत काय असेल, असे विचारले. ‘श्रीखंड,’ ती म्हणाली. झाकण काढले, तर आत डोशाचे पीठ. झाकण पुन्हा लावून मी विचारले, ‘उघडायच्या आधी तुला काय वाटलं होतं, आत काय आहे?’ तिने क्षणाचाही विलंब न लावता उत्तर दिले, ‘पीठ.’ बाबांनी डबा अजून पाहिलेला नाही, मग त्यांना काय वाटेल, यावरही उत्तर ‘पीठ’ असेच आले. शिक्षा टाळायची नव्हती, बक्षीसही मिळवायचे नव्हते. तिच्यासाठी तेच खरे होते.

या प्रयोगाचे मूळ रूप १९८७ सालचे आहे. जोसेफ पर्नर, सुसान लीकम आणि हाइन्झ विमर या मानसशास्त्रज्ञांनी आपल्याकडच्या जेम्स गोळ्यांसारख्या ‘स्मार्टीज’च्या डब्यात पेन्सिल ठेवून तीन वर्षांच्या मुलांना विचारले, की हा डबा न पाहिलेल्या दुसऱ्या मुलाला आत काय आहे असे वाटेल. बरीच मुले म्हणाली, ‘पेन्सिल.’ पुढच्याच वर्षी ॲलिसन गोपनिक आणि जॅनेट ॲस्टिंग्टन यांनी हाच प्रश्न मुलाच्या स्वतःच्या मनाविषयी केला: मघाशी तुला काय वाटले होते? तीन वर्षांची अनेक मुले तेथेही चुकली.

यावर साहजिकच शंका येते, की मूल मघाचे विसरले असेल. गोपनिक आणि ॲस्टिंग्टन यांनी ही शंका आधीच ओळखली होती. त्यांनी खेळण्यातल्या एका घरात सफरचंद दाखवले, ते काढून दुसरी वस्तू ठेवली आणि आधी आत काय होते, असे विचारले. याचे उत्तर तीन वर्षांच्या मुलांनी पुष्कळ चांगले दिले. म्हणजे जगात आधी काय होते हे त्यांना आठवते; आपल्या मनात आधी काय होते, हे मात्र सांगता येत नाही. पुढे गोपनिक आणि व्हर्जिनिया स्लॉटर यांनी १९९१ मध्ये दाखवले, की मनातल्याही सगळ्याच गोष्टी सारख्या अवघड नसतात. आधी आपण कशाचे सोंग घेतले होते किंवा डोळ्यांपुढे कोणते चित्र आणले होते, हे मुले सहज सांगतात. आधीची इच्छा सांगणे त्याहून कठीण जाते आणि आधीचा चुकीचा समज सांगणे सर्वांत कठीण.

असे का व्हावे? समज ही विचित्र चीज आहे. सोंग घेणाऱ्याला ते सोंग असल्याचे ठाऊक असते आणि त्याने जगाशी जुळलेच पाहिजे असेही नसते. समजाचे मात्र सारे कामच जगाशी जुळण्याचे आहे आणि तरीही तो चुकू शकतो. ‘मला श्रीखंड वाटले होते’ हे वाक्य उच्चारण्यासाठी मुलाला तीन गोष्टी एकत्र धराव्या लागतात: डब्यात पीठ आहे, मनात श्रीखंड होते, आणि मनातले श्रीखंड त्याच डब्याविषयी होते. तीन वर्षांच्या मुलाच्या दृष्टीने मन ही जगाकडे उघडणारी जागा आहे. जगाची प्रतिमा, तीही चुकीची असू शकणारी, तेथे तयार होते हे त्याला अजून उमगलेले नसते. प्रतिमेला प्रतिमा म्हणून ओळखणे, म्हणजेच प्रतिमेचीही प्रतिमा मनात बांधणे, ही ती पायरी आहे. साधारण चार-पाच वर्षांच्या सुमारास बहुतेक मुले ती चढतात.

गोपनिक यांनी यावरून १९९३ मध्ये एक धाडसी निष्कर्ष मांडला. आपले मन आपल्याला थेट दिसते आणि इतरांच्या मनाचा मात्र अंदाज बांधावा लागतो, असे आपण धरून चालतो. तसे असते तर मूल स्वतःविषयीच्या प्रश्नात आधी उत्तीर्ण झाले असते आणि इतरांविषयीच्या प्रश्नात नंतर. प्रत्यक्षात दोन्ही क्षमता जवळपास एकाच वयात येतात. हेन्री वेलमन आणि सहकाऱ्यांनी २००१ मध्ये १७८ अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण केले, तेव्हाही हेच दिसले. म्हणजे स्वतःचे मनही आपण एका उपपत्तीच्या, मन कसे चालते याविषयीच्या सिद्धांताच्या, आधारेच ओळखतो. फक्त ती इतकी सरावाची झालेली असते, की अनुमानच आपल्याला दर्शन वाटते. स्टेशनवरची ‘ठाणे’ ही पाटी आपल्याला अक्षरे जुळवत वाचावी लागत नाही, शब्द थेट ‘दिसतो’, तसेच हे आहे. काही संशोधकांच्या मते अडचण समजुतीची नसून समोरच्या सत्याला आवर घालण्याची आहे: ‘पीठ’ हे उत्तर जिभेवर इतके पुढे येते, की मुलाला ते रोखता येत नाही. हा आक्षेप मला अर्धा मान्य आहे, कारण स्वतःला थोपवण्याची क्षमता याच वयात वेगाने वाढते. पण सफरचंदाच्या प्रयोगातही नवी वस्तू समोर असताना मुले जुनी वस्तू बरोबर सांगतात, याचे उत्तर त्यातून मिळत नाही.

लहान मुलांच्या पालकांना ‘मिडब्रेन ॲक्टिव्हेशन’च्या, म्हणजे मध्यमेंदू ‘जागा’ केला की मूल डोळ्यांवर पट्टी बांधूनही वाचेल असा दावा करणाऱ्या, वर्गांच्या जाहिरातींनी गाठावे, याची मला मनस्वी चीड येते. मध्यमेंदू डोळ्यांच्या हालचाली, आवाजाच्या दिशेने मान वळवणे अशी कामे जन्मापासून करत असतो आणि त्याला कुणी शुल्क आकारून ‘जागे’ करावे लागत नाही. पट्टी बांधलेली मुले नाकाजवळच्या फटीतून पाहून वाचतात, हे वारंवार उघड झालेले आहे. याउलट टेड रफमन आणि सहकाऱ्यांना २००२ मध्ये असे आढळले, की मुलाशी बोलताना आई ‘वाटतं’, ‘माहीत आहे’, ‘हवं आहे’ अशा मनाविषयीच्या शब्दांचा वापर अधिक करत असेल, तर पुढे मुलाची मनाची समज अधिक चांगली असते. त्याला शुल्क पडत नाही.

मोठ्या माणसांचेही या बाबतीत पूर्ण बरे झालेले नसते. अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष रिचर्ड निक्सन यांच्या १९७२ च्या चीन आणि रशिया दौऱ्यांपूर्वी बारूख फिशहॉफ आणि रूथ बेथ यांनी विद्यार्थ्यांना निरनिराळ्या घटनांची शक्यता वर्तवायला सांगितली आणि दौऱ्यांनंतर स्वतःचेच अंदाज आठवायला सांगितले. ज्या घटना घडल्या असे विद्यार्थ्यांना वाटत होते, त्यांची शक्यता आपण मुळातच जास्त धरली होती, अशी त्यांची आठवण झाली होती. ‘मला वाटलंच होतं’ हे वाक्य येथे पदवीच्या वर्गातून आले, एवढाच फरक.

पालकांसाठी याहून महत्त्वाचा आहे तो लिलियन रॉबिन्स यांचा १९६३ चा अभ्यास. न्यूयॉर्कमधील ज्या आईवडिलांच्या मुलाखती मूल तान्हे असल्यापासून नोंदवल्या जात होत्या, त्यांना मूल तीन वर्षांचे झाल्यावर त्याच गोष्टी आठवायला सांगितल्या: दूध वेळापत्रकाने देत होतात की मागेल तेव्हा, अंगठा चोखायचा का, बाटली कधी सोडवली. आठवणी मूळ नोंदींशी पुष्कळदा जुळल्या नाहीत, आणि त्या चुकांचा कल त्या काळच्या तज्ज्ञांच्या सल्ल्याकडे होता. आपण तसेच वाढवले, हे त्या पालकांना प्रामाणिकपणे वाटत होते.

बालरोगतज्ज्ञ जेव्हा विचारतात, की मूल पहिल्यांदा कधी चालले, दोन शब्द जोडून कधी बोलले, तेव्हा आपण अशाच आठवणीतून उत्तर देतो, आणि बोलणे किंवा चालणे उशिरा आलेल्या मुलाच्या तपासणीची दिशा काही अंशी त्या उत्तरावर ठरते. म्हणून मी आता प्रत्येक नवी गोष्ट मुलीच्या लसीकरणाच्या पुस्तिकेच्या मागच्या कोऱ्या पानावर त्याच दिवशी तारखेसह लिहिते, आणि मुलीविषयी त्या वेळी वाटलेली काळजीही त्या नोंदीखाली एका ओळीत लिहून ठेवते.