सूज ओसरली, पण गुडघा सटकतो

यावल-रावेरकडची केळीची बाग, पावसाळ्यातली कापणी. खांद्यावर वीस-पंचवीस किलोचा घड, पाय काळ्या चिखलात रुतलेला, आणि माणूस ट्रॅक्टरकडे वळतो. पाऊल जागीच राहतं, अंग फिरतं आणि गुडघ्यात ‘कट्’ असा आवाज होतो. कबड्डीत पकड सोडवायला गर्रकन वळणाऱ्या चढाईपटूचंही हेच होतं.

तुटतो तो गुडघ्याच्या आत मधोमध असलेला अस्थिबंध (लिगामेंट), एसीएल. जेमतेम ३ सेंटिमीटरची ही दोरी नडगीचं हाड पुढे घसरू देत नाही. ती तुटली की सांध्यात रक्त साचतं आणि दोन-चार तासांतच गुडघा टम्म फुगतो. सूज किती वेळात आली, हे डॉक्टरांना आवर्जून सांगा.

पहिले दोन-तीन दिवस चोळणं, शेकणं, ओढून ‘बसवणं’ नकोच. आपल्याकडे नेमकं तेच आधी होतं, याचं फार वाईट वाटतं. फडक्यात गुंडाळलेला बर्फ १५-२० मिनिटं ठेवावा, क्रेप बँडेज बांधावं, पाय उशीवर उंच ठेवावा. पाऊल गार किंवा बधिर पडलं तर मात्र त्याच घटकेला दवाखाना गाठावा.

एक्स-रेत हाडं दिसतात, लिगामेंट दिसत नाही. जाणता डॉक्टर आडवं झोपवून गुडघा २०-३० अंशांत वाकवतो, एका हाताने मांडी धरतो, दुसऱ्याने नडगी पुढे ओढतो. दाव्याला बांधलेलं वासरू दावं ताणलं की जसं थबकतं, तशी धड गुडघ्यातली नडगी थबकते. दावंच तुटलं असेल तर ती सरकत राहते. खात्रीसाठी मग एमआरआय.

खरा धोका पुढे आहे. दोन-तीन आठवड्यांत सूज उतरते, सरळ चालता येतं, माणूस कामाला लागतो. मग बांधावरून उतरताना एक दिवस तो म्हणतो, “गुडघा सटकस.” गुडघ्याच्या आतल्या, म्हणजे दुसऱ्या पायाकडच्या, बाजूचा लिगामेंट सांध्याबाहेर असतो, तो बहुधा आपोआप जुळतो. एसीएलची टोकं मात्र सांध्यातल्या द्रवात असतात. तिथे रक्ताची गुठळी टिकत नाही, मग टोकं सांधणार कशाच्या आधारावर? आणि गुडघा सटकेल तितक्या वेळा हाडांमधली गादी फाटण्याची भीती.

सगळ्यांनाच शस्त्रक्रिया लागते असं नाही. बैठं काम असेल, गुडघा सटकत नसेल, तर मांडीच्या पुढच्या-मागच्या स्नायूंचे व्यायाम पुरतात. खेळाडूला किंवा सतत सटकणाऱ्या गुडघ्याला दुर्बिणीतून नवा लिगामेंट बसवतात, बहुधा मांडीमागच्या स्नायूचीच शीर (रक्तवाहिनी नव्हे, स्नायू हाडाला जोडणारी दोरी) घेऊन. ही शीर दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात सर्वांत कमकुवत असते, कारण तिच्यात नव्या रक्तवाहिन्या शिरून ती नव्याने घडत असते. नेमकं तेव्हाच दुखणं थांबलेलं असतं आणि पोरं मैदानाकडे धावतात. निदान ९ महिने थांबावं. त्यानंतरही एका पायावर लंगडी उडी मारून बघतात. दुखावलेल्या पायाची उडी धड पायाच्या ९० टक्क्यांपर्यंत गेली नाही, तर व्यायाम पुढे चालू.